सांडलेले बी, धरलेले बी

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरीकडच्या हलक्या रानांत अजूनही कुठे कुठे तीळ पेरतात. या पिकाची काढणी जवळून पाहावी अशी असते. पाने पिवळी पडू लागली, खालच्या बोंडांचा रंग बदलला, की पीक पूर्ण वाळायची वाट कोणी पाहत नाही. झाडे हिरवट असतानाच कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि खळ्यावर एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. बोंडांची तोंडे वरच राहिली पाहिजेत. काही दिवस ऊन लागले की बोंडे टोकाशी उकलतात. मग ताडपत्री नाहीतर जुने लुगडे अंथरायचे, त्यावर पेंढी उलटी धरायची आणि काठीने हलके झोडायचे, म्हणजे तीळ खाली पडतात. वरच्या शेंड्याची बोंडे अजून बंद असतात, म्हणून पेंढी पुन्हा उन्हात उभी करायची आणि काही दिवसांनी पुन्हा झोडायची. एवढी घाई आणि एवढी काळजी कशासाठी, तर कापणीला थोडा उशीर झाला की सगळे बी रानातच सांडते.

तिळाच्या झाडाच्या बाजूने पाहिले तर यात गैर काहीच नाही. बी पिकावे, बोंड उकलावे, बी मातीत पडावे आणि पुढच्या पावसात उगवावे, यासाठीच त्याचा सगळा खटाटोप असतो. रानातल्या बहुतेक वनस्पतींची रीत हीच. आज आपण खातो ती धान्ये आणि कडधान्येही एकेकाळी असेच बी सांडत होती. कधीतरी त्यांनी ते सांडायचे थांबवले. दाणे ओंबीत, कणसात, शेंगेत धरून ती माणूस येईपर्यंत उभी राहू लागली. असे झाड रानात एकटे जगू शकत नाही. त्याचे दाणे कुणीतरी काढावे लागतात, जपावे लागतात आणि वेळेवर मातीत घालावे लागतात. म्हणून शेती म्हणजे एखाद्या हुशार माणसाला एका दिवशी सुचलेली युक्ती, ही समजूत मला पटत नाही. झाड आणि माणूस दोघेही हजारो वर्षे एकमेकांमुळे बदलत गेले. प्रत्येक पिकाबाबत हा बदल वेगळ्या जागी, वेगळ्या काळी झाला आणि कमीअधिक टप्प्यापर्यंतच पोचला. हिंगोलीच्या एकाच शिवारात हे सगळे टप्पे शेजारी शेजारी उभे आहेत.

तीळ त्यातला अर्ध्या वाटेवर थांबलेला. तो मूळचा आपल्याच उपखंडातला. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत, म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षे तो माणसाच्या सोबतीला आहे. तरीही बोंड उकलण्याची त्याची सवय गेली नाही. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात डेराल्ड लँगहॅम या संशोधकाला वाळल्यावरही बोंड न उकलणारे तिळाचे एक झाड सापडले. पण ते बोंड इतके घट्ट मिटलेले होते की त्यातून तीळ काढणेच अवघड होऊन बसले. माणसाला हवे असते ते मधले काहीतरी: आपण येईपर्यंत बी धरून ठेवणारे आणि आपण हात लावला की सोडणारे झाड.

सोयाबीनवाल्यांना हे निराळे सांगायला नको. आज जिल्ह्याचा खरीप बहुतांशी सोयाबीनचा आहे. हे पीक चीनमधले. तिथल्या रानसोयाबीनची शेंग वाळली की पीळ खाऊन तडकते आणि दाणे दूर उडवते. माणसाने हजारो वर्षांत ही तडक बरीच कमी केली, पण पूर्ण घालवली नाही. ऑक्टोबर हीटचे कडक ऊन सुरू झाले आणि कापणीला मजूर किंवा हार्वेस्टर वेळेवर मिळाले नाही, की पिकल्या शेंगा शेतातच फुटू लागतात. म्हणूनच परभणीच्या कृषी विद्यापीठात सोयाबीनचे वाण तयार करताना पीक पिकल्यावर शेंगा किती दिवस न फुटता टिकतात, हे मुद्दाम पाहिले जाते. पहिल्या शेतकऱ्यांनी नकळत जी निवड केली, तीच आज जाणूनबुजून चालू आहे.

नकळत निवड कशी होते, ते गव्हाच्या आणि जवाच्या उदाहरणावरून चांगले उलगडते. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इस्राएल या पट्ट्यातल्या टेकड्यांवर रानगहू आणि रानजव आजही उगवतात. रानगव्हाची ओंबी वाळली की तिचा मणका ठिकठिकाणी मोडतो आणि दाणे सुटे होऊन पडतात. मात्र हजारो झाडांत एखादे झाड असे निघते, की त्याचा मणका मोडत नाही. रानात अशा झाडाचा वंश टिकत नाही. पण माणूस विळा घेऊन आला की चित्र उलटते. ठिसूळ ओंब्यांचे दाणे कापताना मातीत पडतात आणि चिवट ओंब्यांचे दाणे घरी येतात. त्यातलेच काही पुढच्या वर्षी पेरले, तर चिवट झाडांचा वाटा थोडा वाढतो. वर्षामागून वर्षे हेच घडत राहिले, तर शेवटी सगळे शेतच माणसाच्या हाताची वाट पाहणारे होते.

गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये गणित मांडले, की एवढा बदल दोनशे वर्षांच्या आत, कदाचित वीस-तीस वर्षांतही होऊ शकतो. उत्खननांत सापडलेले दाणे मात्र वेगळेच सांगू लागले. दाणा ओंबीपासून तुटतो तिथली खूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की तो आपणहून गळला की झोडून काढला, ते कळते. अशा खुणा तपासल्यावर दिसले, की ठिसूळ ओंबी जाऊन चिवट ओंबी सार्वत्रिक व्हायला दोन-तीन हजार वर्षे लागली. इतका वेळ का, याचे उत्तर रोजच्या व्यवहारात असावे. लोक काही भाग हिरवा असतानाच कापत, काही वेळा टोपलीत ओंब्या झटकून दाणे गोळा करत, आणि पीक गेले की बियाणे पुन्हा रानातून आणत. प्रत्येक वेळी निवडीचा काटा मागे जाई.

त्या माणसांना पोटाला मिळत नव्हते म्हणून ती शेतीकडे वळली, असेही सरसकट म्हणता येत नाही. जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तुर्कस्तानात गारगोटीच्या विळ्याने रानगहू कापून पाहिला. त्याला तासाभरात किलोभर साफ गहू मिळाला. एक कुटुंब तीन आठवड्यांत वर्षभर पुरेल त्याहून जास्त धान्य गोळा करू शकेल, असा त्याचा हिशोब होता. गॅलिली सरोवराकाठी ओहालो येथे तर २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानजवाचे दाणे आणि धान्य दळायचा दगड मिळाला आहे. धान्य ओळखणे, गोळा करणे, दळणे हे सारे ज्ञान शेतीच्या कितीतरी आधीचे. हिमयुग सरून सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हवामान उबदार आणि बरेचसे स्थिर झाले, तेव्हा त्या ज्ञानाला जमीन मिळाली.

पश्चिम आशियातली ही पिके हिवाळ्यातल्या पावसावर वाढणारी. गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा, जवस ही सगळी त्याच घरची. हरभऱ्याचा रानातला पूर्वज तर आग्नेय तुर्कस्तानातल्या मोजक्या टेकड्यांवरच सापडतो. आता हिंगोलीच्या शेतकऱ्याचे पीकवेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरायचा गहू, हरभरा, जवस, करडई ही रब्बीची पिके पश्चिम आशियातून आलेली. मृगाच्या पावसावर पेरायची मूग, उडीद, तूर, तीळ, कापूस, ज्वारी ही खरिपाची पिके मात्र पावसाळी प्रदेशांतली, काही आपली स्वतःची, काही आफ्रिकेतली. खरीप आणि रब्बी हे आपण एका वर्षाचे दोन हंगाम समजतो. खरे तर ती दोन वेगळ्या जन्मभूमींची वारसदार पिके आहेत, आणि दोन्ही एकाच जमिनीत आळीपाळीने येतात. मराठवाड्याच्या शेतीबद्दल मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

मुगापासून पाहू. रात्री मूग भिजत घातले की सकाळी बहुतेक दाणे टचटचीत फुगलेले असतात, पण त्यांत चार-दोन दाणे जसेच्या तसे, दाताखाली खडा यावा इतके कडक राहतात. घरोघरी त्यांना गणंग म्हणून बाजूला काढतात. रानमुगाचे जवळजवळ सगळेच दाणे असे असतात. त्यांची साल पाणी आत घेत नाही. एक पाऊस पडला, चार दाणे उगवले. मग महिनाभर उघडीप पडली आणि ते मेले, तरी उरलेले बी पुढच्या पावसासाठी मातीत शाबूत राहते. लहरी मान्सूनमध्ये टिकून राहायला याहून चांगली सोय नाही. पेरणाऱ्याला मात्र हे परवडत नाही. त्याला सगळे बी एका वेळी उगवायला हवे. जे पेरले आणि लगेच उगवले तेच कापणीला आले, त्याचेच बी पुढच्या वर्षी पेरले गेले, आणि अशा रीतीने मुगाची साल हळूहळू मऊ होत गेली. गणंग दाणा हा त्या रानटीपणाचा शिल्लक राहिलेला अंश आहे. मुगाच्या शेंगाही सगळ्या एकदम पिकत नाहीत. म्हणून बायका दोन-तीन वेळा रानात फिरून तोडणी करतात. हाही रानातला जुना स्वभाव.

हा मूग माणसाळला कुठे? त्याचे रानातले भाऊबंद सह्याद्रीत आणि पूर्व घाटात आजही वाढतात, उडदाचे सह्याद्रीच्या उत्तर भागात. कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गुरे पाळणाऱ्या लोकांच्या वस्त्या होत्या. त्यांनी शेणाचे ढीग वर्षानुवर्षे जाळले, त्यांच्या राखेच्या टेकड्या अजून उभ्या आहेत. बेल्लारीजवळच्या संगनकल्लूसारख्या या वस्त्यांमधली माती डोरियन फुलर आणि रवी कोरीसेट्टर यांच्या चमूने तपासली. तिच्यात मूग आणि कुळीथ मिळाले, आणि त्यांच्यासोबत दोन बारीक तृणधान्ये: कर्नाटकात कोरले म्हणतात ते आणि राळ्याच्या जातीचे एक गवत. गहू आणि जव तिथे नंतर, तुरळक येतात. म्हणजे दख्खनच्या पठाराला शेती कुणी बाहेरून आणून दिली, असे नाही. इथल्या माणसांनी इथल्याच रानातली रोपे ओळखून, पेरून, स्वतःची शेती उभी केली. जगाच्या नकाशावर शेतीची जन्मस्थाने दाखवताना दक्षिण भारताचे नाव अलीकडे घेतले जाऊ लागले, ते या मूठभर जळक्या दाण्यांमुळे.

हे दाणे मिळवण्याची रीत अगदी साधी आहे. धान्य तसेच मातीत राहिले तर कुजून जाते, पण चुलीत किंवा आगीत करपून कोळसा झाले तर हजारो वर्षे टिकते. उत्खननात चुलीजवळची, साठवणीच्या खड्ड्यातली माती पोत्यांत भरतात आणि पाण्याच्या पिंपात हळूहळू सोडून ढवळतात. माती आणि खडे तळाशी बसतात, कोळसा झालेले दाणे हलके असल्याने वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर घेऊन सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचा. मसुरीचा दाणा आकारावरून कळतो, जवाचा त्याच्या खाचेवरून. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये मुकुंद काजळे यांनी अनेक वर्षे केले, आणि त्यातूनच आपल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या ताटात काय होते ते कळले.

त्या शेतकऱ्यांचे सगळ्यांत चांगले अभ्यासलेले गाव म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षे उत्खनन चालले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे लोक तिथे राहिले. मातीची चौकोनी घरे, अंगणात चूल, घरांच्या मधून रस्ता. काही घरांत धान्याच्या कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे केलेले. जमिनीत खणून केलेले धान्याचे खड्डेही मिळाले. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना ज्वारीची पेवे आठवत असतील, तर त्यांना इनामगावचे हे खड्डे परके वाटणार नाहीत. नदीचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी काढलेला पाट आणि त्याला आधार देणारा बांध हेही तिथे सापडले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते पाटपाणी आहे.

इनामगावकरांचे मुख्य धान्य जव, म्हणजे सातू. त्याबरोबर गहू, मसूर, लाख आणि कुळीथ. शिवाय रानातली बोरे. एकाच गावात पश्चिम आशियातला रब्बी हंगाम आणि दख्खनचा कुळीथ एकत्र आलेले दिसतात. प्रवराकाठच्या दायमाबादला याहून जुनी वस्ती होती, आणि पैठणजवळ गोदाकाठच्या आपेगावलाही याच काळातल्या शेतकऱ्यांचे गाव सापडले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तर तांब्याचे मणी जवसाच्या धाग्यात ओवलेले मिळाले. तांब्याच्या क्षारांमुळे तो धागा टिकला. जवस तेव्हापासून आपल्या रानात आहे. आज मराठवाड्यात ते चटणीपुरते उरले, याचे मला वाईट वाटते.

इनामगावात शेतीची दुसरी बाजूही दिसते. तिथली बहुतेक दफने लहान मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मूल, आणि तो खड्डा घराच्या जमिनीतच. दाट वस्ती, एकाच धान्यावर भिस्त, गुरांचा शेजार. शेतीने माणसांची संख्या वाढवली, तशी बालमृत्यूंचीही वाढवली, असे जगभरच्या प्राचीन गावांतून दिसते. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गावाचे दिवस पालटले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. पाऊसमान घटले म्हणून हे झाले, असे ढवळीकरांनी मांडले. पुढे तीनशे वर्षांत गाव ओस पडले. दुष्काळाने गाव सोडून जाणारे शेतकरी या मातीत तेव्हाही होते.

मग हिंगोलीची काळी रेगूर जमीन कधी लागवडीखाली आली? इनामगाव, आपेगाव, दायमाबाद ही सारी नदीकाठची गावे. तांबे आणि गारगोटी वापरणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी गाळाची भुसभुशीत जमीन धरली. काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात पायाला चिकटून मणभर वजनाची. लोखंडी फाळाशिवाय ती मोठ्या प्रमाणावर उलथणे शक्य नव्हते, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. लोखंड शेजारच्या विदर्भात लवकर आले. नागपूरजवळ नायकुंडला इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली. त्यावरून मी असा तर्क करतो, की कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या काठाची मळई आधी पिकू लागली असेल आणि खोल काळ्या रानाचा मोठा विस्तार लोखंडी फाळानंतर, सातवाहनांच्या आगेमागे झाला असेल. सातवाहन काळात मराठवाड्यात तूर होती, हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातून कळते.

या काळ्या रानाचे खरे पीक ज्वारी, आणि ज्वारी आफ्रिकेची. सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रानज्वारी माणसाळत होती, याचा पुरावा तिथल्या मडक्यांच्या खापरांत अडकलेल्या भुशावरून मिळाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ज्वारी, बाजरी आणि नाचणी अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे पोचू लागल्या. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या कडेची, नाचणी इथिओपियाच्या डोंगरांकडची. भाकरीशिवाय मराठवाडी माणसाचे जेवण पुरे होत नाही, पण भाकरीची तिन्ही धान्ये पाहुणी आहेत. पाहुणी येऊन घरची झाली. ज्वारीच्या बाबतीत दख्खनने आपली भरही घातली. हस्तनक्षत्राच्या सुमारास पेरायची, नंतर पावसाचा थेंब न पडता केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढायची, दिवस लहान झाले की निसवायची अशी रब्बी ज्वारी ही दख्खनच्या काळ्या जमिनीची खास ओळख. मालदांडी तिचा सगळ्यांना ठाऊक असलेला वाण.

ही भर घातली कोणी? काढणीच्या वेळी कणसे निवडणाऱ्यांनी. भरदार, एकसारख्या दाण्यांचे, कीड न लागलेले कणीस दिसले की ते बाजूला ठेवायचे, आढ्याला टांगायचे, धुरात ठेवायचे, राख चोळून मडक्यात घालायचे, ही कामे आपल्याकडे बहुतेक करून घरच्या बायकांची. त्यांची नावे कुठल्या संशोधनपत्रिकेत आली नाहीत. पण मालदांडी ज्या गावरान ज्वाऱ्यांतून निवडली गेली, त्या शेकडो वर्षांच्या अशा निवडीतून तयार झालेल्या होत्या. आज ज्वारीचे क्षेत्र घटत चालले आहे. कापसाचे बियाणे तर दरवर्षी पाकिटातूनच येते, कारण संकरित कापसाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक असल्याने त्याचे बी घरी राखता येते, उगवण तपासून पेरता येते. कृषी खात्याचे लोकही दरवर्षी हेच सांगतात. माझ्या मते यात नुसती बचत नाही. पेरणारा आणि बी निवडणारा एकच असण्याची जुनी रीत त्यात टिकून राहते.

तुरीकडे थोडे थांबले पाहिजे. तूर शंभर टक्के आपली. तिचा रानातला पूर्वज ओडिशा आणि बस्तरकडच्या जंगलांत आजही वाढतो. त्याला कोणी खात नाही, पण त्याचे मोल अलीकडे कळले. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतल्या शास्त्रज्ञांना तुरीचा संकरित वाण तयार करायचा होता. त्यासाठी परागकण न धरणारे तुरीचे झाड लागते. तसा गुणधर्म त्यांना या रानतुरीशी संकर करून मिळाला. त्यातून झालेला पुष्कळ हा संकरित वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. तीन-साडेतीन हजार वर्षे मागे राहिलेला पूर्वज असा पुन्हा कामाला आला. बस्तरचे जंगल तोडले गेले असते, तर ही वाट बंदच झाली असती.

आणि वसमतची हळद. जिल्ह्याला आज सगळ्यांत मोठी ओळख या पिकाने दिली. हळद माणसावर इतकी विसंबली आहे, की तिच्यापुढे गहू-ज्वारीही स्वतंत्र वाटतात. बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. आपल्या लागवडीच्या हळदीत तीन असतात, मिळून ६३ गुणसूत्रे. तीनाची दोन सारखी वाटणी होत नाही, म्हणून परागकण आणि बीजांडे नीट बनत नाहीत. हळदीला सुंदर फुले येतात, पण बी क्वचितच धरते. म्हणून लागवडीच्या हळदीचे खरे रानटी रूप जगात कुठे सापडत नाही. कधीतरी रानातल्या दोन हळदींचा संकर झाला असावा. त्यातून निघालेले वांझ पण भरपूर गड्डे देणारे रोप कुणाच्या तरी नजरेत भरले, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते माणसाच्या हातूनच पुढे चालत आले. हरियाणातल्या फरमाणा या हडप्पाकालीन गावात मडक्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद-आल्याचे स्टार्चकण मिळाले आहेत. म्हणजे हा हातोहात चाललेला प्रवास चार हजार वर्षांहून जुना.

वसमत, औंढा भागात हळदीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तेव्हा हळकुंडे शिजवायला जातात, आणि बेण्यासाठी निरोगी मातृकंद वेगळे काढले जातात. झाडाच्या सावलीत त्यांचा ढीग लावायचा, वरून हळदीचाच वाळला पाला पसरायचा, उन्हाचा कडाका लागू द्यायचा नाही. मे-जूनपर्यंत डोळे फुगले की गादीवाफ्यावर लागवड. या दोन-तीन महिन्यांत कुणी लक्ष दिले नाही, तर त्या वाणाचा वंश तिथेच थांबतो. एका वाणाची सगळी झाडे मुळात एकाच झाडाचे तुकडे असल्याने कंदकूज आली, की एक वाचले आणि दुसरे मेले असे सहसा होत नाही. अख्खा वाफा बसतो. म्हणून निरोगी बेणे हा हळदीत सगळ्यांत मोलाचा ऐवज. वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे, त्याच्याकडून शेतकऱ्यांची मोठी अपेक्षा याच बाबतीत आहे.

बी नाही म्हणजे संकर नाही, आणि संकर नाही म्हणजे नवा वाण मिळवायला एखाद्या गड्ड्यात आपसूक झालेला बदल हेरणे एवढाच मार्ग उरतो, असे दीर्घकाळ मानले गेले. कोझिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हळदीच्या फुलोऱ्यांतून ते क्वचित धरलेले बी गोळा केले, ते रुजवले आणि त्यातून आलेली रोपे वर्षानुवर्षे पारखली. प्रभा आणि प्रतिभा हे हळदीचे दोन वाण त्या रोपांतून निवडले गेले आहेत.